भुऱ्याच्या ताटातले गवत: एका पाळीव सशाच्या रोजच्या आहाराचा प्रकरण अभ्यास

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातील एका कुटुंबाने आपला तीन वर्षांचा नर ससा आमच्या दवाखान्यात आणला. ससा तपकिरी-पांढरा आणि मिश्र जातीचा होता, घरातले त्याला भुऱ्या म्हणत. आदल्या संध्याकाळपासून त्याने तोंडात काही घेतले नव्हते आणि रात्रभर तो अंग आक्रसून एका कोपऱ्यात दात करकरत बसला होता. घरच्यांनी त्याच्या ट्रेमधला कागद तसाच गुंडाळून आणला होता, ही फार उपयोगाची गोष्ट झाली. त्यावर हरभऱ्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात होत्या त्या मिऱ्याएवढ्या, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना गुंफलेल्या मोजक्या लेंड्या, आणि एका बाजूला काळपट, चिकट, उग्र वासाचा लगदा.

या लगद्याकडे बोट दाखवून कुटुंबाने सांगितले की त्याला गेले दोन-तीन महिने अधूनमधून जुलाब होतात, म्हणून त्यांनी पालेभाजी आणि गवत जवळजवळ बंद केले असून पोट बांधून राहावे यासाठी चपाती, चुरमुरे आणि दुकानातले सशाचे खाद्य वाढवले आहे. माणसाच्या पोटाला जो न्याय लावतात तोच त्यांनी सशाच्या पोटाला लावला होता. तो लावताना त्यांची काळजी अगदी खरी होती, पण नेमक्या त्याच काळजीमुळे दुखणे महिन्यागणिक वाढत गेले होते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे.

तपासणीत काय आढळले

भुऱ्याचे वजन २.६ किलो भरले. त्याच्या हाडापेराला साधारण २.१ ते २.२ किलो वजन शोभले असते. बरगड्या बोटांना सहज लागत नव्हत्या आणि हनुवटीखाली व मागच्या भागात चरबीच्या वळ्या होत्या. शरीराचे तापमान ३८.१ अंश सेल्सिअस होते. सशाचे तापमान सर्वसाधारणपणे ३८.५ ते ४० अंशांच्या दरम्यान असते, त्यामुळे हा आकडा थोडा चिंतेचा होता. आजारी सशाचे अंग गार पडू लागणे हे ताप येण्यापेक्षा वाईट लक्षण मानले जाते. पोटावर नळी ठेवली असता आतड्यांची हालचाल फार क्वचित ऐकू येत होती. क्ष-किरण चित्रात अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, वायू साठलेला दिसला, मात्र जठर फुगलेले नव्हते. रक्तातील साखर डेसिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास होती. आतड्यात अडथळा आलेल्या सशांमध्ये ती बहुधा याच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढलेली आढळते, त्यामुळे अडथळ्याची शक्यता मागे पडली आणि आतड्यांची गती मंदावल्याचे निदान पक्के झाले.

त्याच चित्रात मूत्राशयाच्या तळाशी खडूच्या चुऱ्यासारखा पांढरा गाळ दिसला. त्याबद्दल विचारल्यावर घरातल्या आजींना आठवले की फरशीवर भुऱ्याने लघवी केली की वाळल्यावर चुन्याचा डाग राहतो. तोंडात दुर्बीण घालून पाहिले तेव्हा पटाशीचे पुढचे दात अगदी नीट होते, पण खालच्या दाढांच्या आतल्या कडांना अणकुचीदार टोके आली होती आणि त्यातले एक जिभेला घासून तिथे लहानशी जखम झाली होती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच कळण्यासारखे नव्हते. ससा हे भक्ष्य होणारे जनावर आहे आणि वेदना लपवणे त्याच्या रक्तातच असते.

ज्याला जुलाब म्हटले जात होते तो लगदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तो जुलाब नसल्याचे स्पष्ट झाले.

त्या लगद्याचा अर्थ

सशाच्या पोटाची रचना इथे थोडी समजून घ्यावी लागते. ससा जे खातो त्यातला जाड, न पचणारा तंतू मोठ्या आतड्यातून झपाट्याने पुढे सरकतो आणि कोरड्या लेंड्यांच्या रूपात बाहेर पडतो. बारीक आणि आंबू शकणारा भाग मात्र उलट्या दिशेने मागे ढकलला जातो आणि अंधांत्र या मोठ्या पिशवीत साठतो. तिथे असंख्य जिवाणू त्यावर काम करतात, त्यातून प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे तयार होतात, आणि दिवसातून एक-दोन वेळा हा माल द्राक्षाच्या लहान घडासारख्या मऊ, चकचकीत लेंड्यांच्या रूपात बाहेर येतो. ससा वाकून तो थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. हे त्याचे दुसरे जेवण असते. घाण खाण्याची ती सवय नव्हे, आणि ते थांबवले तर ससा अशक्त होतो. निरोगी सशाच्या या मऊ लेंड्या माणसाच्या नजरेला सहसा पडतच नाहीत.

आहारात पिष्ट आणि साखर वाढली, तंतू कमी झाला की अंधांत्रातील जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि या मऊ लेंड्यांना आकार न येता त्यांचा चिकट लगदा होतो. शिवाय जाड ससा वाकून गुदद्वारापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि ज्याच्या तोंडात जखम आहे तो ससा अंग चाटणेही टाळतो. भुऱ्याच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र आली होती. खरा जुलाब असता तर कोरड्या लेंड्या पूर्णपणे थांबून सगळीच विष्ठा पाण्यासारखी झाली असती. ती अवस्था प्रौढ सशात क्वचित दिसते आणि जेव्हा दिसते तेव्हा तासाभरात उपचार सुरू करावे लागतात. इथे कोरड्या लेंड्याही होत्या आणि लगदाही होता. हा फरक पाळणाऱ्याला ओळखता आला तर अर्धे काम तिथेच होते. कुटुंबाने लगदा पाहून गवत कमी केले, चपाती वाढवली, त्यामुळे लगदा वाढला, म्हणून गवत आणखी कमी केले, असे हे चक्र जानेवारीपासून फिरत राहिले होते.

तातडीचे उपचार थोडक्यात सांगतो. भुऱ्याला उबेत ठेवून त्वचेखालून सलाइन दिले, वेदनाशामक दिले, आणि जास्त तंतू असलेल्या सशाच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, वाटून सिरिंजने थोड्या थोड्या अंतराने भरवल्या. उपाशी सशाला पोटाला आराम म्हणून तसेच ठेवणे घातक असते, कारण आतडे भरलेले असले तरच चालते आणि जाड सशाच्या यकृतात उपासामुळे चरबी साचू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी लेंड्या पडू लागल्या. चार दिवसांनी भूल देऊन दाढांची टोके घासून काढली. भूल द्यायची म्हणून माणसाप्रमाणे रात्रीपासून उपाशी ठेवू नये, हे कुटुंबाला मुद्दाम बजावावे लागले. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे त्या उपासाचा उपयोग नसतो आणि अपाय मात्र होतो. आणखी एक गोष्ट वेळेवर टळली. घरात मुलाच्या खोकल्यासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे उरलेले औषध होते आणि ते भुऱ्याला पाजण्याचा विचार झाला होता. पेनिसिलिन वर्गातली औषधे सशाच्या पोटात गेली तर अंधांत्रातील उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात, आणि ससा दगावू शकतो.

वजनकाट्यावरचा आहार

‘काय खातो?’ असे विचारले की पाळणारे पदार्थांची नावे सांगतात, प्रमाण सांगत नाहीत. भुऱ्याच्या घरूनही ‘गवतही देतो’ असेच उत्तर आले होते. म्हणून घरी गेल्यावर तीन दिवस त्याच्यापुढे ठेवलेली प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून लिहावी आणि उरलेलीही तोलावी, असे ठरले. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने हे काम फार नेटके केले. तिच्या कागदावरून दिवसाची सरासरी अशी निघाली: दुकानातले रंगीत मिश्र खाद्य ९५ ग्रॅम, हिरवी लसूणघास (ल्युसर्न हा चारा) १४० ग्रॅम, एक मध्यम गाजर, केळ्याचे दोन काप, अर्धी चपाती आणि मूठभर चुरमुरे. वाळलेले गवत पिंजऱ्यात अंथरूण म्हणून पसरलेले होते, त्यातले पोटात गेले जेमतेम १० ग्रॅम. भुऱ्या अंथरुणावर झोपत होता, आणि घरच्यांच्या हिशेबी ते गवत त्याला दिलेले होते.

यातला प्रत्येक पदार्थ वेगळा पाहावा लागला. रंगीत मिश्रणात मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, फुगवलेले धान्य आणि थोड्या गोळ्या होत्या. त्यातले गोड आणि चरबीयुक्त कण भुऱ्या वेचून खाई आणि तंतू असलेल्या गोळ्या वाटीत तशाच राहत. एडिंबरा विद्यापीठातील पशुवैद्यकांनी सशांचे वेगवेगळे गट करून १७ महिने असा आहार अभ्यासला होता. त्यात मिश्र खाद्यावर वाढलेल्या सशांनी गवत कमी खाल्ले, वेचून खाल्ले, त्यांचे वजन वाढले आणि दातांच्या तक्रारीही दिसल्या. भुऱ्याच्या वाटीतले उरलेले कण पाहिल्यावर हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

लसूणघासेचा प्रश्न कोल्हापूरकडच्या घरांत विशेष आहे. या कुटुंबाचे काका करवीर तालुक्यात म्हशी पाळतात आणि दुभत्या जनावराला उत्तम म्हणून जी लसूणघास ते पिकवतात, तिचीच पेंढी आठवड्यातून दोनदा भुऱ्यासाठी येत असे. वाढत्या वयाच्या, सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला किंवा व्यालेल्या मादीला लसूणघास योग्यच आहे, कारण तिच्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. प्रौढ, बसून राहणाऱ्या नराला मात्र तेवढे कॅल्शियम लागत नाही. इतर बहुतेक जनावरे गरजेपुरते कॅल्शियम आतड्यातून शोषतात. ससा मात्र मिळेल तेवढे शोषतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. त्याची लघवी थोडी गढूळ असणे म्हणूनच स्वाभाविक आहे, पण फरशीवर चुन्याचा थर राहू लागला की मूत्राशयात गाळ साठू लागला असे समजावे. त्यातच भुऱ्याला पाणी पिण्यासाठी लटकती बाटली होती आणि तिच्या नळीच्या तोंडातली गोळी अर्धवट अडकलेली होती.

गाजराबद्दलही इथेच सांगतो. मुलांच्या चित्रांमध्ये सशाच्या हातात नेहमी गाजर असते, त्यामुळे ते त्याचे मुख्य अन्न आहे असा समज खोलवर रुजलेला आहे. आपल्या घरांतला पाळीव ससा ज्या युरोपीय रानसशापासून आला, तो गवत, पाला आणि झुडपांच्या साली खाऊन जगतो. जमिनीखालची गोड मुळे हा त्याचा रोजचा आहार कधीच नव्हता. गाजराचा अंगठ्याएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा खाऊ म्हणून चालतो. गाजराचा पाला मात्र रोज चालतो, आणि मंडईत तो बहुतेक वेळा फुकट मिळतो.

नवा आहार आणि त्याची घडी

नव्या आहाराचा पाया वाळलेले गवत हाच ठरला. दोन-सव्वादोन किलोच्या सशाला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम सहज लागते, म्हणजे पसरून ठेवले तर त्याच्या अंगाएवढा ढीग होतो, आणि तो ढीग दिवसरात्र कधीच संपू द्यायचा नाही. गवताने दोन कामे होतात. त्यातला जाड तंतू आतड्याला चालते ठेवतो, आणि ते चावताना जबडा आडवा फिरल्याने आयुष्यभर वाढत राहणाऱ्या दाढा सारख्या झिजतात. चपाती, चुरमुरे किंवा गोळ्या चावताना जबडा वरखाली हलतो आणि दोन-चार चाव्यांत घास संपतो, त्यामुळे दाढांच्या कडा तशाच वाढत राहतात. भुऱ्याच्या दाढांची टोके आणि त्याच्या पोटाचा लगदा यांचे मूळ एकच होते, ते म्हणजे न खाल्लेले गवत.

परदेशी टिमोथी गवताची पिशवी महाग पडते आणि तिची आपल्याकडे अशी गरजही नाही. पन्हाळ्याच्या बाजूच्या डोंगरउतारांवरचे मारवेल दिवाळीच्या आगेमागे कापून वाळवतात. ते फुलोऱ्यात असताना कापलेले, हिरवट झाक राखून असलेले आणि वास घेतल्यावर गोडसर लागणारे असेल तर सशाला उत्तम. हरळीही तितकीच चांगली. मात्र एका गोष्टीवर मी हटून बसतो. डोंगरी गवतात कुसळी मिसळलेली असते आणि तिची काटेरी कुसळे हिरड्यांत, ओठांत, डोळ्यांत रुततात, म्हणून प्रत्येक मूठ उजेडात धरून निवडल्याशिवाय सशापुढे ठेवू नये. भाताचा पेंढा आणि ज्वारीचा कडबा अडीअडचणीला चघळायला चालतात, पण त्यांच्यावर भागवता येत नाही. आणि रस्त्याकडेचे, फवारणी झालेल्या बांधावरचे किंवा यंत्राने कापून ढिगात गरम झालेले हिरवे गवत कधीच देऊ नये.

बदल एका दिवसात केला नाही. अंधांत्रातील जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळायला वेळ लागतो आणि गोडाला सोकावलेला ससा अचानक सगळे बंद केल्यास हट्टाने उपाशी बसतो. चपाती, चुरमुरे आणि केळे पहिल्याच दिवशी थांबवले. मिश्र खाद्याच्या जागी एकसारख्या, किमान १८ टक्के तंतू असलेल्या गोळ्या आणल्या आणि त्यांचे प्रमाण दर आठवड्याला थोडे कमी करत महिन्याभरात दिवसाला २५ ग्रॅमवर आणले. पिशवीवर ससा छापलेला असला तरी मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या सशांचे खाद्य वेगळे असते. त्यात तंतू कमी आणि ऊर्जा जास्त असते, म्हणून मागचा तक्ता वाचून घ्यायला सांगितले. लसूणघास दोन आठवड्यांत निम्मी आणि मग पूर्ण बंद झाली.

पहिले पाच दिवस भुऱ्याने गवताकडे ढुंकूनही पाहिले नाही. उपाय साधा निघाला. ससा लेंड्या टाकता टाकता खातो, ही त्याची सवय ध्यानात घेऊन गवताची जाळी थेट ट्रेच्या वर, तोंड सहज पोहोचेल इतक्या उंचीवर टांगली, गवतात पुदिन्याची चार पाने कुस्करून मिसळली, आणि गोळ्या सकाळऐवजी संध्याकाळी द्यायला सुरुवात केली, म्हणजे दिवसभराची भूक गवताकडे वळेल. दिवसातून दोनदा जुने गवत काढून ताजी मूठ भरली. आठवड्याच्या शेवटी काट्यावर गवताचा आकडा ३५ ग्रॅमवर गेला आणि महिन्याने ७०च्या पुढे.

घरातल्या आजींचे समाधान हा या घडीतला सर्वांत नाजूक भाग होता. चपातीचे तुकडे त्याच भरवत असत. त्या मला स्पष्ट म्हणाल्या, ‘डॉक्टर, मुक्या जिवाला नुसत्या गवतावर ठेवायचं म्हणजे उपाशीच ठेवायचं की!’ त्यांच्या म्हणण्यात माया होती आणि ती मोडून काढून काहीच साधले नसते. पाळीव जनावराचा आहार घरातल्या सर्वांनी मिळूनच बदलावा लागतो, एकाने लपून दिलेला घास सगळ्यांची मेहनत वाया घालवतो. म्हणून रोजची पालेभाजी त्यांच्याकडे सोपवली. कोथिंबीर आणि तिच्या काड्या, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी, अधूनमधून तुळस, असे तीन-चार प्रकार मिळून दोन मुठी, धुऊन, पाणी निथळते ठेवून, सकाळी त्यांच्या हाताने. पालकात ऑक्झलेट जास्त असल्याने तो आठवड्यातून एखाद्या वेळी. कोबी टाळला. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला आणि कुंडीतला मनी प्लांट यांना हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतः फ्रिजवर लिहून चिकटवले. भाजी निवडताना जे देठ आणि पाला केराच्या टोपलीत जात होते ते आता भुऱ्याच्या टोपलीत जातात, याचे त्यांना विशेष समाधान वाटले.

पाण्याची बाटली काढून जड चिनी मातीचे भांडे ठेवले. मे महिन्याच्या उकाड्यात ते दिवसातून तीनदा भरले जाई. ससा भांड्यातून बाटलीपेक्षा जास्त पाणी पितो, आणि ओल्या पाल्यातूनही त्याच्या पोटात पाणी जाते. मूत्राशयातला गाळ धुऊन निघायला याची मदत झाली.

पावसाळ्यातला अडथळा

जूनअखेर पाऊस लागला आणि एका सकाळी मुलीचा फोन आला की लेंड्या पुन्हा बारीक दिसत आहेत. भुऱ्या पालेभाजी खात होता, गोळ्या खात होता, पण गवत हुंगून सोडून देत होता. गवताचा नमुना मागवला. वरून ठीक दिसणाऱ्या पेंढीच्या पोटात राखाडी बुरशी धरली होती आणि झटकल्यावर धूळ उडत होती. भारा प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून जिन्याखाली ठेवला होता. ते सगळे गवत टाकून दिले. नवा भारा गोणपाटात, सैल, माळ्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला आणि ऊन पडेल त्या दिवशी पसरायचे ठरले. दरम्यान भुऱ्याला परसातली ताजी हरळी सुरुवातीला थोडी आणि मग वाढवत दिली. दोन दिवसांत लेंड्या पुन्हा हरभऱ्याएवढ्या झाल्या. दवाखान्यात आणावे लागले नाही, कारण ट्रेकडे रोज सकाळी पाहण्याची सवय घराला लागली होती. लेंड्यांचा आकार आणि संख्या हे सशाच्या तब्येतीचे सर्वांत लवकर बोलणारे लक्षण आहे. बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंडी पडली नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवायचे, वाट पाहायची नाही, हे त्यांना सुरुवातीलाच सांगितले होते.

सद्यस्थिती

ऑक्टोबरमधल्या तपासणीत भुऱ्याचे वजन २.१५ किलो होते. ते सावकाश, आठवड्याला साधारण एक टक्क्याच्या आत उतरत गेले, आणि तसेच उतरायला हवे होते. मागचा भाग कोरडा आणि स्वच्छ होता. मेनंतर चिकट लगदा एकदाही दिसला नाही, म्हणजे मऊ लेंड्या तो पुन्हा स्वतः घेऊ लागला आहे. मूत्राशयातला गाळ क्ष-किरण चित्रात बराच कमी झालेला असला तरी पूर्णपणे गेलेला नाही. दाढांची गोष्ट तेवढी सोपी नाही. मुळे थोडी वाकलेली असल्याने खालच्या डाव्या दाढेला पुन्हा टोक येऊ लागले आहे, आणि गवत कितीही खाल्ले तरी तिला अधूनमधून घासावे लागेल, असे दिसते. दोन-अडीच वर्षे चुकलेल्या आहाराची ही खूण त्याच्यासोबत राहील. पुढची दाढांची तपासणी जानेवारीत ठेवली आहे, आणि दिवाळीनंतर कापल्या जाणाऱ्या मारवेलाचे चार भारे काकांनी आताच सांगून ठेवले आहेत.